टेपखाली दोन बोटं

ब्लाउजचं माप घेताना टेपखाली दोन बोटं ठेवायची असतात. नाहीतर कापड अंगाला काचतं, आणि बाई पोटभर जेवली की हुक तुटतात. सातवीनंतर माझी शाळा सुटली त्या वर्षी गावातल्या ज्या काकूंकडे मला शिवण शिकायला बसवलं, त्यांनी पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. छाती घ्यायची ती सगळ्यांत भरलेल्या जागी. टेप सरळ. बाईला श्वास सोडायला सांगायचं. आणि दोन बोटं आत. एवढं हातात बसलं की उपाशी मरणार नाहीस, असं काकू म्हणायच्या. ते खरंच झालं, मी उपाशी मेले नाही. पण याच दोन बोटांनी मला मुंबईत एकदा चांगलंच अडकवलं.

माझं गाव सिंधुदुर्गात, कणकवलीहून एस.टी.नं दीड तास आणि पुढे पायी. आठवीची शाळा नदीपलीकडे होती आणि वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. कोणी मला शाळा सोड म्हणालं नाही. मीच एके दिवशी दप्तर खुंटीला लावलं आणि ते तसंच राहिलं. विसाव्या वर्षी लालबागला आले, मावशीच्या खोलीत. मावशी म्हणजे आईची लांबची बहीण; तिचे यजमान गिरणीत होते, आता ती एकटीच. तिनं मला कपाटातला एक खण रिकामा करून दिला आणि परत कधी विषय काढला नाही. असे उपकार फिटत नाहीत, आणि फेडायला गेलं तर मावशीला राग येतो.

बरीच वर्षं एका दुकानासाठी ब्लाउज शिवले. दुकान बंद झालं. मग चाळीतल्याच कोणी सांगितलं म्हणून गिरगावातल्या एका कॉलेजात लागले, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. काचेच्या बशा धुवायच्या, कुंड्यांना पाणी घालायचं, सूक्ष्मदर्शकांवर कापड टाकायचं. दर अकरा महिन्यांनी नोकरीचा नवा कागद निघतो. तो निघेपर्यंत मला झोप लागत नाही. मावशी म्हणते, "तुझो जीव म्हणजे उकळता दूध. कोणीतरी सारख्या बघत बसाक होया."

तिथल्या मॅडमनी त्या हिवाळ्यात एक काम काढलं. गिरगावातल्या जुन्या वाड्या, ठाकूरद्वार, लालबाग-परळच्या चाळींची आवारं, दादरचे काही रस्ते, इथली झाडं मोजायची. नुसती किती आहेत ते नाही, तर त्यांच्यात कार्बन किती साठलाय ते. त्यासाठी प्रत्येक झाडाचा घेर आणि उंची लागते. विद्यार्थी कमी पडत होते. एक दिवस मी बशा पुसत असताना मॅडम दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू शिवणकाम करायचीस ना? टेप धरता येते?"

पंधरा वर्षांत मला इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पहिलं झाड ठाकूरद्वारच्या एका वाडीतलं, सरळसोट अशोकाचं. मॅडमनी टेप गुंडाळून दाखवली आणि सांगितलं, "घेर नेहमी छातीच्या उंचीवर घ्यायचा. लक्षात ठेव, छातीच्या उंचीवर." वाडीत चार पुरुषमाणसं उभी होती, कॉलेजातली दोन मुलं होती. मॅडमनी तो शब्द भर वाडीत असा उच्चारला, जसं कोणी दुधाची पिशवी मागावी. माझे कान गरम झाले. मी नुसती मान हलवली. छाती घ्यायची कशी, हे काय मला शिकवायला हवं होतं?

त्यानंतर टेप माझ्याकडेच आली. मॅडम माझ्याबरोबर असायच्या, पण त्यांची नजर वर. उंची मोजायचं एक छोटं यंत्र डोळ्याला लावून त्या शेंडा शोधायच्या, मी खालून आकडा सांगायची, त्या न बघता लिहायच्या. मी झाडाभोवती एक फेरी मारायची. त्याची छाती कुठे भरली आहे ते नजरेनं ठरवायची. कोणाची खाली असते, कोणाची वर, जसं माणसांचं. तिथे टेप लावायची, सरळ करायची, दोन बोटं आत. श्वास सोडा म्हणायची मात्र नाही. मनातल्या मनात म्हणायची.

खोताच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ लाकडी जिन्यावर पेपर वाचत बसलेले असत. पहिल्या दिवशी ओरडले, "कापायला आलात काय?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो काका, मोजायला." तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग शिलाई काय घेणार? आणि बाही लांब ठेवा हां बाई, आमच्या आंब्याला थंडी वाजते." मी इतकी हसले की टेप सुटली. आता वाटतं, त्या सगळ्या दिवसांत मी काय करत होते ते फक्त त्या काकांनाच कळलं होतं.

पण त्या सकाळी! सातला निघायचं, दहापर्यंत परत. मुंबईत इतकी वर्षं राहून मी झाडं पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर गाव आठवलं असतं, म्हणून टाळत असेन. आता रोज सकाळी दहा-बारा झाडांना हात लागायचा. हाताला आधी कळतं, मग डोक्याला. भेंडाची साल तशीच खवलेदार, जशी आमच्या पाणंदीतल्या भेंडाची. उंबराच्या खोडावर तसेच गुठळ्यांसारखे घोस. दुपारी बशा धुताना बोटांना सालीचा वास यायचा आणि मी साबण लावायला उशीर करायची.

एकदा काम लांबून दुपार होत आली तेव्हा देशी बदामाखाली थांबलो होतो. माघातले दिवस, पानं लाल होऊन गळत होती. मॅडमनी खोडावर थाप मारली. "हे लाकूड कशाचं झालंय, सांग."

"मातीचं."

"सगळे हेच सांगतात. मातीतून येतं पाणी आणि चिमूटभर क्षार. बाकी सगळं हवेतून आलंय. तू श्वास सोडतेस, ही टॅक्सी धूर सोडते, त्यातला कार्बन पानं आत ओढतात. उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात, आणि साखरेचं लाकूड. वाळलेलं लाकूड निम्मं कार्बनच असतं."

"म्हणजे झाड हवेचं?"

"हवेचं आणि पाण्याचं. घट्ट झालेली हवा म्हण ना."

पलीकडे झाडलोट करणाऱ्या बाईनं पानांचा ढीग करून त्याला काडी लावली. मॅडम चटकन म्हणाल्या, "ते बघ, घेतलेलं परत चाललं. कुजली असती तरी गेलं असतं, पण हळूहळू, थोडं मातीत राहून. खोडातलं मात्र झाड उभं आहे तोवर राहतं." मग त्यांनी मला बदामाच्या सावलीतल्या फरशीवर हात ठेवायला लावला आणि मग चार पावलांवरच्या उन्हातल्या फरशीवर. पानांतून पाणी उडत राहतं, त्यानं आसपासची हवा गार होते, हे त्यांनी सांगेपर्यंत माझा हात उन्हातल्या फरशीवरून उडालाही होता.

मी विचारलं, "मग ही झाडं मुंबईचा सगळा धूर खातील?"

"छे गं. फार थोडा. गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरापुढे ही वाडी म्हणजे काहीच नाही."

"मग मोजायचं कशाला?"

"मोजलं नाही तर आहेच कुठे, म्हणतात."

हे मला पटलं. माणसांचंही तसंच आहे.

आणखी एक त्यांनी सांगितलं ते मी मावशीलाही सांगितलं, आईलाही फोनवर सांगितलं. पृथ्वीच्या उत्तरेकडे मोठमोठी जंगलं आहेत. त्यांना पालवी फुटली की सगळ्या हवेतला कार्बन थोडा उतरतो, आणि पानगळ झाली की पुन्हा चढतो. यंत्रावर तसं दिसतं. म्हणजे पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. माणसांचा धूर वाढत चाललाय, म्हणून दर वर्षी तो श्वास आधीपेक्षा जड होत जातो. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुका जेवाक वेळ गावता मा?"

मी मॅडमना विचारलं होतं, हवा किती लांब जाते? ठाकूरद्वारला सोडलेला श्वास आमच्या गावाला पोचेल?

"पोचेल की. वर्षभरात सगळ्या जगात मिसळतो."

मग मी धीर करून दुसरं विचारलं. आमच्या घरामागे आईनाचं झाड आहे. वडील दोन वर्षं त्याच बाजूच्या खिडकीशी झोपून होते. बोलणं बंद झालं होतं, फक्त श्वासाचा आवाज यायचा, आणि मी मशीन चालवताना तो मोजायची. तर त्या आईनात त्यांचा श्वास...

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "थोडा तरी असणारच. तिथे असणार, बाकी कुठे कुठे असणार."

त्या दिवसापासून ते काम माझ्यासाठी नुसतं काम राहिलं नाही. मी गावाला वर्षातून एकदा जाते, तेही सुट्टी मिळाली तर. इथून माझा श्वास तरी जातो, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. सकाळ सुटली तर मी परत मोरीपाशी, बशांपाशी. एवढीच भीती होती. ती खरी होण्याची वेळ फाल्गुनात आली.

मला ताप आला. आठवडाभर मावशीनं पेज भरवली. त्या आठवड्यात टेप एका मुलीकडे गेली. ती लालबागचीच, आमच्या मागच्या चाळीतली, शेवटच्या वर्षाला होती. उंच इतकी की वर्गातली मुलं तिला शिडी म्हणायची आणि ती म्हणायची, "चढून दाखव." तिला पुढे शिकायला बाहेरगावी जायचं होतं, आणि त्यासाठी मॅडमचं शिफारसपत्र हवं होतं. मॅडमनी तिला काही झाडं पुन्हा तपासायला सांगितली. त्यात ठाकूरद्वारचा एक उंबर होता. तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी आला. नुसता कमी नाही, चांगला वीतभर कमी. मग आणखी चार झाडं, तीही कमी.

मी परत आले त्या सकाळी मॅडमचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत येत होता. "झाड काय आटतं? धुतल्यावर? घेर थोडा चुकला तर कार्बन केवढा चुकतो, कल्पना आहे? घाई करायची, अंदाजे लिहायचं आणि वर म्हणायचं मी नीट मोजलं! असं काम करणाऱ्या मुलीला मी पत्र कशाच्या जोरावर देऊ?"

ती बाहेर आली. डोळे लाल. मला पाहून हसायचा प्रयत्न केला. "ताई, बरी झालीस? बघ ना यार, फुल वाट लागली माझी. मी प्रॉपर मोजलं गं. काठीवर खूण करून नेली होती साडेचार फुटांची, आईशपथ."

"साडेचार फूट कशाला?"

"मग काय? छातीची उंची म्हणजे साडेचार फूट जमिनीपासून. झाड कुठलंही असो. जगभर तसंच मोजतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय ना इंग्लिशमध्ये. तू पण तसंच घेतेस ना?"

"हो," मी म्हणाले. "तसंच."

हे मी का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून गेलं आणि मग कळलं. झाडाला छाती नसते. ती मोजणाऱ्या माणसाची, आणि तीही एका ठरलेल्या मापाची. आणि मी तर मोजणाऱ्या माणसांतही बसत नव्हते. माझी उंची चार फूट नऊ. दोन महिने मी प्रत्येक झाड त्याच्या सगळ्यांत भरलेल्या जागी मोजलं होतं. वर दोन बोटं सैल.

तीन दिवस गप्प राहिले. सांगितलं तर टेप जाणार, ते नक्की होतं. बाकीचं काय काय जाईल ते मी रात्रंदिवस शोधत होते: अकरा महिन्यांचा कागद, मॅडमचा विश्वास. न सांगितलं तर एका मुलीचं पत्र जाणार. मी स्वतःला समजावत होते, की मॅडमचा राग उतरेल, देतीलच पत्र. ती मुलगी येता-जाता "काय ताई" म्हणायची आणि मी बशीचा डाग घासत बसायची. डाग नसायचा.

तिसऱ्या संध्याकाळी आईचा फोन.

"आवाज असो कसो गो तुझो? ताप गेलो मा?"

"गेलो."

"मगे?"

मी सांगितलं. तिला सगळं कळलं असेल असं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माप चुकला."

"हां."

"मगे सांग जाऊन. शिवलेला उसवूक कसली लाज? काकू तुका रोज उसवूक लावी."

"आई, ह्या ब्लाउज न्हय गो."

"तर काय झाला? ज्येच्या अंगात घालूचा तेका काचता मा?"

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या असताना मी आत गेले. उभीच राहिले. काय बोलले ते सलग आठवत नाही. उंबर आटला नाही, एवढं आधी म्हणाले. मग छाती, भरलेली जागा, सगळं सांगितलं. दोन बोटं प्रत्यक्ष टेबलाच्या पायावर टेप लावून दाखवली. मुलीनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, तेही सांगितलं. त्याची जास्त लाज वाटत होती.

मॅडम टेबलाच्या पायाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या हसत होत्या, पण आवाज न करता, आणि मग एकदम थांबल्या. "सगळीच?"

"सगळी. पहिला अशोक सोडून. तो तुम्ही मोजला होता."

"दोन महिने मी वरच बघत राहिले," त्या म्हणाल्या. ते माझ्याशी नव्हतंच. "आणि बोलावलं कोणाला, तर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला. तिला म्हणाले छाती."

त्यांनी त्या मुलीला बोलावलं. माझ्यासमोर तिला म्हणाल्या, "तुझे आकडे बरोबर होते. मी उगाच बोलले, चूक माझी." असं मोठ्या पदावरच्या माणसाला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मुलीनं आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "ताई, तू पण ना! मला विचारलं असतंस तर?"

"लाज वाटली गं."

"कसली?"

"त्या शब्दाची."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी मॅडमना म्हणाले, आता टेप हिच्याकडेच द्या, मी बशा करते. मॅडमनी वर न बघता वही उघडली. "बशा दुपारी. सगळी झाडं परत मोजायची आहेत. चूक तुझी, तर पाय पण तुझेच झिजू देत. आणि ही येईल, काठी घेऊन."

परीक्षा तोंडावर होती, म्हणून रविवारीच जमायचं. चार रविवार लागले, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मी आकडा सांगायची, मॅडम जुना खोडून नवा लिहायच्या, प्रत्येक झाड बारीक होत गेलं. परळच्या एका चाळीत विहारासमोर पिंपळ आहे. पारावरच्या एका आजींनी आधी चपला काढायला लावल्या, मग विचारलं, "मागे मापलं होतं की. हा काय पोरगा आहे, दर महिन्याला वाढायला?" मुलगी म्हणाली, "आजी, उलट कमी करतोय." आजी म्हणाल्या, "करा बाई. तुमच्या कागदावर कमी करा. सावली तेवढी ठेवा."

सगळी बेरीज झाली तेव्हा पहिल्या आकड्याच्या मानानं बरंच कमी निघालं. झाडं तीच, तिथेच, तेवढीच. तरी मला अपराधी वाटलं, जशी मीच त्यांच्यातली हवा सोडून दिली. मॅडम म्हणाल्या, खोट्या मोठ्या आकड्यापेक्षा खरा छोटा बरा. त्या मुलीला पत्र मिळालं. ती जूनमध्ये जाणार होती, लांब, थंडीच्या प्रदेशात. "ताई, तिकडून श्वास सोडते, घे तू इकडे," म्हणायची. चेष्टेत.

बेरजेच्या आधी, शेवटच्या रविवारी, खोताच्या वाडीच्या टोकाला एक फणस राहिला होता. पहिल्या वेळी मी त्याला कमरेइतक्या उंचीवर मोजला होता, तिथे त्याला मोठी गाठ आहे. आता मुलीनं काठी टेकवली, खडूची रेघ ओढली. ती रेघ माझ्या कपाळासमोर आली. दोन्ही हात वर करून टेपचं टोक रेघेवर दाबायचं, तर नाक, गाल, सगळं सालीला टेकतं. डोळ्यांसमोर फक्त साल. खरखरीत, जरा ओलसर, आणि कुठूनतरी चिकाचा वास. मुंबई म्हणून काही दिसत नव्हतंच. मागे वाडीत कोणीतरी मासळी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले तरी फरक पडला नसता.

मुलगी पलीकडून टेप घेऊन आली. आकडा तिनंच वाचला, मॅडमनी लिहिला.

"झालं ताई, सोड."

"थांब जरा," मी सालीतच म्हणाले. "तुझ्या बाजूला खाली गेल्येय टेप. सरळ कर."

"सरळच आहे गं."

"परत बघ."

ती खोडाला वळसा घालून पुन्हा मागे गेली. टेप सरळच होती, मी सालीवर सावकाश श्वास सोडला.